एकाच आकड्याचे हजारो वाटेकरी

अमेरिकेत पॉवरबॉलचा जॅकपॉट लागला की बातमी एका तिकिटाची असते. अमुक राज्यातल्या अमुक पेट्रोल पंपावर विकलं गेलेलं एक तिकीट, आणि त्याचा एक मालक. दरवर्षी २२ डिसेंबरला स्पेनमधून येणारी बातमी मात्र वेगळीच दिसते. एका छोट्या दुकानापुढे सगळी गल्ली लोटलेली असते. बेकरीवाला, शाळेतल्या बाई, ट्रकचालक, निवृत्त शेतकरी, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून हसत-रडत असतात, फेसाळत्या वाइनच्या बाटल्या उघडत असतात. आणि प्रत्येकाच्या हातातल्या कागदावर आकडा तोच असतो.

आकडा तर एकच निघाला. मग तो एवढ्या जणांना लागला कसा?

टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हे कोडं सोडवावंसं वाटायला आणखी एक कारण आहे. २०२०च्या जनगणनेनुसार या शहराची वस्ती २,५६,६८४, आणि दर पाच रहिवाशांत साधारण दोघे हिस्पॅनिक. आपल्यापैकी कितीतरी जण ज्या लास कोलिनासमध्ये नोकरीला जातात, त्या नावाचाच अर्थ स्पॅनिशमध्ये ‘टेकड्या’. मुलं शाळेत स्पॅनिश विषय घेतात. आणि ऑफिसात कुणी माद्रिदचा सहकारी असला, तर डिसेंबर उजाडताच तो आपल्या देशबांधवांना विचारताना ऐकू येतो, ‘येवास आल्गो?’ शब्दशः पाहिलं तर ‘काही बरोबर घेतलंयस का?’ डिसेंबरात त्याचा अर्थ एकच: नाताळच्या लॉटरीत तुझा कुठला आकडा आहे?

या लॉटरीभोवती स्पॅनिशमध्ये शब्दांचं एक मोठं कुटुंबच आहे. यादी करून ते पाठ होत नाही. लॉटरी चालते कशी हे पायरीपायरीनं समजून घेतलं, की प्रत्येक शब्द आपल्या जागी जाऊन बसतो.

उच्चाराबद्दल आधी थोडंसं. या लॉटरीतला एक शब्द स्पेनच्या बऱ्याच भागात ‘देथिमो’ असा म्हणतात, मेक्सिकोत मात्र त्याचा उच्चार ‘देसिमो’. अर्विंगमध्ये कानावर पडतो तो मेक्सिकोचा ‘स’, म्हणून इथे तोच लिहिला आहे. स्पॅनिशमधले त आणि द आपल्या त-द सारखेच दातांना जीभ टेकवून म्हणायचे असतात. इंग्रजीच्या सवयीनं ‘लॉटरी’तला ट तिथे नेऊ नये. लोतेरिया दे नाविदाद, म्हणजे नाताळची लॉटरी.

तिकिटाचे दहा तुकडे

सोडतीत ००००० पासून ९९९९९ पर्यंत एक लाख आकडे असतात. प्रत्येक आकड्याचं एक पूर्ण तिकीट छापलं जातं, त्याला म्हणतात बिएते. किंमत २०० युरो. एवढे पैसे सहसा कुणी एकटा घालत नाही, म्हणून बिएतेचे दहा सारखे भाग करतात. एक भाग म्हणजे देसिमो, अर्थात दशांश. तो २० युरोंना मिळतो. स्पेनमध्ये लोक ‘तिकीट घेतलं’ असं फारसं म्हणत नाहीत, ‘देसिमो घेतला’ म्हणतात.

आता कोड्याची किल्ली. प्रत्येक आकड्याचं तिकीट एकदाच छापत नाहीत. ००००० ते ९९९९९ हा अख्खा संच पुन्हा पुन्हा छापतात. अशा एका संचाला सेरिए म्हणतात. २०२४ साली १९३ सेरिए काढल्या होत्या. म्हणजे कुठल्याही एका आकड्याची १९३ पूर्ण तिकिटं, आणि त्यांचे १,९३० देसिमो. आकडा लागला की प्रत्येक सेरिएतल्या त्या आकड्याला तेवढंच बक्षीस मिळतं. घरोघरच्या कालनिर्णयात एकादशी एकाच तारखेला येते, माझ्या प्रतीत एक आणि शेजाऱ्याच्या प्रतीत दुसरी असं होत नाही. सेरिए ही त्या आकड्याची प्रत आहे, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

इथे आपली सवय आड येते. १९६९पासून चालत आलेल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या बंपर तिकिटावरही मालिका असते. पण तिथे पहिल्या बक्षिसासाठी मालिकेची अक्षरं आणि क्रमांक दोन्ही जुळावे लागतात, त्यामुळे विजेतं तिकीट एकच उरतं. स्पेनमध्ये मालिका जुळवावी लागत नाही. आपल्या बंपरमध्ये मालिका माणसांना वेगळं करते, तिथे ती त्यांना एका आकड्याखाली गोळा करते.

पहिलं बक्षीस एका सेरिएला ४० लाख युरो, म्हणजे एका देसिमोला चार लाख युरो. १९३ सेरिए धरल्या तर २०२४च्या पहिल्या आकड्यामागे एकूण ७७ कोटी २० लाख युरो होते. या पहिल्या बक्षिसाचं नाव एल गोर्दो. गोर्दो म्हणजे लठ्ठ. मराठीत आपण ‘लठ्ठ पगार’ म्हणतो, तोच लठ्ठ. बाहेरच्या देशांत सगळ्या लॉटरीलाच ‘एल गोर्दो’ म्हणायची पद्धत पडली आहे. स्पेनमधला माणूस मात्र गोर्दो म्हणतो तेव्हा फक्त पहिलं बक्षीस म्हणत असतो.

पाच युरोंची चिठ्ठी आणि सोदेतो गाव

देसिमोचे २० युरोही कुणाला जड वाटतात, कुणाला ते दहा वेगवेगळ्या आकड्यांवर पसरायचे असतात. म्हणून आणखी एक तुकडा पडतो, पार्तिसिपासिओन. हा सरकार छापत नाही. गावातलं मंडळ, फुटबॉल क्लब, शाळेतल्या पालकांची संघटना काही देसिमो विकत घेऊन स्वतःकडे जपून ठेवते, आणि त्यांच्या आधारावर छोट्या चिठ्ठ्या छापून विकते. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं की हिच्या धारकाचे अमुक आकड्यावर अमुक युरो लागले आहेत. बऱ्याचदा चिठ्ठीची किंमत त्याहून थोडी जास्त असते, आणि वरचे पैसे मंडळाच्या कामाला जातात. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या वर्गणीची पावती फाडतात तितक्या सहजपणे तिथे डिसेंबरात या चिठ्ठ्या फिरतात.

या चिठ्ठीत किती ताकद असते ते २०११ साली दिसलं. स्पेनच्या ईशान्येला उएस्का प्रांतात, लोस मोनेग्रोस नावाच्या कोरड्या प्रदेशात सोदेतो हे शेतकऱ्यांचं छोटंसं गाव आहे. घरं सत्तरच्या आसपास. गावातल्या गृहिणींच्या मंडळानं नेहमीप्रमाणे दारोदार जाऊन चिठ्ठ्या विकल्या होत्या. आकडा होता ५८२६८. २२ डिसेंबरला गोर्दो म्हणून तोच निघाला. पाच युरोंचा वाटा म्हणजे देसिमोचा चौथा हिस्सा, त्यामुळे एका चिठ्ठीवर एक लाख युरो. गावातल्या जवळपास प्रत्येक घरात किमान एक चिठ्ठी होती, काहींत अनेक. स्पेनमध्ये तेव्हा मंदी होती, बांधकामाचा धंदा बसला होता, शेतीवर कर्ज होतं.

एक घर राहिलं. गावात येऊन स्थायिक झालेला एक ग्रीक चित्रपटकार होता, आणि चिठ्ठ्या विकणाऱ्यांचं त्याच्या दारी जाणं राहून गेलं होतं.

सोदेतोची गोष्ट जगभर छापून आली ती या एका घरामुळे, आणि मला वाटतं स्पेनमध्ये डिसेंबरात इतके लोक देसिमो का घेतात याचं उत्तरही तिथेच आहे. स्वतःला लागेल ही आशा असते, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना, ऑफिसातल्या सगळ्यांना लागली आणि आपण एकटेच राहिलो तर, ही भीती तिच्याहून मोठी असते. स्पॅनिशमध्ये तिला एन्बिदिया प्रेबेन्तिबा म्हणतात, म्हणजे वेळेआधी केलेला मत्सर, पुढे जळावं लागू नये म्हणून आधीच घेतलेली खबरदारी. २०१४च्या सरकारी जाहिरातीत हीच भीती होती. मानुएल नावाच्या माणसानं त्या वर्षी देसिमो घेतलेला नसतो, आणि नेमका त्याच्या नेहमीच्या बारमध्ये विकलेला आकडा लागतो. तो कसनुसं हसत मालकाचं अभिनंदन करायला जातो, कॉफी घेतो आणि किती झाले विचारतो. मालक आन्तोनिओ म्हणतो, एकवीस युरो. एक कॉफीचा, आणि वीस त्याच्यासाठी बाजूला ठेवलेल्या देसिमोचे. स्पेनमध्ये ती जाहिरात पाहून लोक खरोखर रडले.

गोर्दो एखाद्या गावावर ‘पडतो’ कसा हेही इथेच सांगून टाकू. देसिमो विकणाऱ्या अधिकृत दुकानाला आद्मिनिस्त्रासिओन दे लोतेरिया म्हणतात. एका आकड्याच्या सगळ्या सेरिए देशभर सारख्या वाटल्या जातीलच असं नसतं. कित्येकदा एकच दुकान एका आकड्याच्या बहुतेक सेरिए घेतं, आणि तिथून एखादा क्लब किंवा कारखाना त्या उचलतो. २०२४चा गोर्दो ७२४८० लोग्रोन्यो शहरातल्या दुकानातून गेला होता, आणि त्याचे पुष्कळ देसिमो माद्रिदच्या एका बास्केटबॉल क्लबनं घेतले होते. उलट एखादा आकडा अनेक शहरांत विखुरलेला असला तर वार्ताहर म्हणतात ‘मुई रेपार्तिदो’, खूप वाटला गेलेला. माद्रिदमधलं दोन्या मानोलिता हे १९०४ सालचं दुकान इतकं प्रसिद्ध आहे की डिसेंबरात तिथली रांग रस्त्याच्या वळणापलीकडे जाते. त्या दुकानातून जास्त वेळा गोर्दो निघतो असं लोक सांगतात. जिथे सर्वांत जास्त देसिमो विकले जातात, तिथून सर्वांत जास्त बक्षिसं निघणारच.

दोन पिंजरे आणि गाणारी मुलं

२२ डिसेंबरला माद्रिदमध्ये सकाळी नऊ वाजता सोर्तेओ, म्हणजे सोडत, सुरू होते. अर्विंगमध्ये तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात. गेली अनेक वर्षं ही सोडत माद्रिदच्या तेआत्रो रेआल या ऑपेरागृहात होते.

रंगमंचावर दोन गोल जाळीदार पिंजरे असतात. त्यांना बोम्बो म्हणतात. मोठ्या बोम्बोत लाकडाच्या एक लाख गोट्या, प्रत्येक आकड्याची एक. लहान बोम्बोत १,८०७ गोट्या, प्रत्येकीवर बक्षिसाची रक्कम. गोटीला शब्द बोला. आकडा छापलेला नसतो, लेझरनं कोरलेला असतो, म्हणजे रंगाच्या थरामुळे एखादी गोटी जड व्हायला नको. दोन्ही पिंजरे फिरतात आणि दोन्हींतून एकेक गोटी खाली येते. एक मूल आकडा गाऊन सांगतं, दुसरं रक्कम गातं. मग ही जोडी तारेत ओवून ठेवतात. त्या तारेला आलाम्ब्रे म्हणतात. लहान पिंजरा रिकामा होईपर्यंत हे चालतं, चार तासांहून जास्त.

दोन पिंजऱ्यांचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पहिली गोटी पहिलं बक्षीस, दुसरी दुसरं, असा क्रम ठेवता आला असता, आणि मोठी बक्षिसं पहिल्या काही मिनिटांतच ठरून गेली असती. बक्षीसही नशिबावर सोडल्यामुळे गोर्दो पहिल्या दहा मिनिटांत येऊ शकतो किंवा अगदी शेवटी. म्हणूनच सबंध सकाळ बसथांब्यावर, केस कापण्याच्या दुकानात, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात रेडिओ लागलेला असतो.

गाणारी मुलं माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेची. ही शाळा मूळची अनाथ मुलांची. या शाळेतली मुलं सोडतीत आकडे सांगतात ती १७७१पासून, म्हणजे नाताळच्या लॉटरीच्याही आधीपासून. दोन शतकांहून अधिक काळ हे काम फक्त मुलगे करत. १९८४ साली पहिल्यांदा मुलीचा आवाज ऐकू आला.

नाताळची सोडत सुरू झाली १८ डिसेंबर १८१२ रोजी, कादिस या बंदराच्या शहरात. नेपोलियनच्या फौजांनी स्पेनचा मोठा भाग व्यापला होता, तिजोरी रिकामी होती, आणि नवा कर लावणं शक्य नव्हतं. लोक आपखुशीनं पैसे देतील असा मार्ग म्हणून लॉटरी आली. त्या पहिल्या सोडतीत ०३६०४ हा आकडा निघाला. पुढे यादवी युद्धातही सोडत थांबली नाही.

स्पॅनिश शिकणाऱ्या मुलांना मी हे गाणं ऐकायला सांगतो. ७२४८० हा आकडा ‘सेतेन्ता इ दोस मिल कुआत्रोसिएन्तोस ओचेन्ता’ असा येतो, आणि लगेच दुसरा आवाज ‘मिल एउरोस’, हजार युरो. आपले मराठी आकडे परदेशात वाढणाऱ्या मुलांना अवघड जातात, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत ती हमखास अडखळतात. स्पॅनिशमध्ये तिसापुढे सगळं सरळ आहे: सत्तर आणि नऊ. तासभर सोडत ऐकली की आकडे कानात बसतात, कारण एकाच चालीत ते शेकडो वेळा येतात.

‘मिल एउरोस’ इतक्यांदा येतं, कारण १,८०७पैकी १,७९४ गोट्यांवर तीच रक्कम असते. या लहान बक्षिसांच्या सरीला पेद्रेआ म्हणतात. मूळ अर्थ दगडांचा वर्षाव. एका सेरिएला हजार, म्हणजे देसिमोला शंभर युरो. ‘कुआत्रो मिओनेस दे एउरोस’ हे शब्द आले की मात्र मुलांचा आवाज बदलतो. ती दोन गोट्या घेऊन पुढे येतात आणि पुन्हा पुन्हा गातात. सभागृह उठून उभं राहतं.

वीस युरो जातात कुठे

एका देसिमोच्या २० युरोंपैकी १४ युरो बक्षिसांत परत जातात. उरलेल्या सहांत विक्रेत्यांचं कमिशन, खर्च आणि सरकारचा वाटा. या चौदांचे पुढे कसे भाग पडतात ते पाहिलं तर आणखी काही शब्द हाती लागतात.

चार युरो एकट्या गोर्दोला जातात. सव्वा युरो दुसऱ्या बक्षिसाला, अर्धा तिसऱ्याला. साधारण १.८० युरो पेद्रेआला. जवळजवळ तीन युरो तेर्मिनासिओन नावाच्या बक्षिसांना, म्हणजे पहिल्या तीन बक्षिसांच्या आकड्यांशी शेवटचे दोन अंक जुळले तर. आणि दोन युरो रेइन्तेग्रोला. गोर्दोचा शेवटचा अंक तुमच्या आकड्याच्या शेवटच्या अंकाशी जुळला, तर घातलेले २० युरो परत मिळतात, हा रेइन्तेग्रो. बाकीचे दीड युरोच्या आसपास चौथ्या-पाचव्या बक्षिसांत, आणि मोठ्या आकड्यांच्या शेजाऱ्यांत: आप्रोक्सिमासिओन म्हणजे गोर्दोच्या लगेच आधीचा किंवा नंतरचा आकडा, सेन्तेना म्हणजे त्याच शंभरातले बाकीचे ९९.

सगळं मिळून एक लाख आकड्यांमागे १५,३०४ बक्षिसं. त्यातली ९,९९९ नुसते पैसे परत करणारी. म्हणजे शंभर देसिमो घेतले तर पंचाऐंशींच्या आसपास कोरे जातात, दहांचे पैसे परत येतात, आणि पाचांवर काहीतरी मिळतं, बहुधा शंभर युरोच. गोर्दो लागण्याची शक्यता एक लाखात एक. पॉवरबॉलमध्ये ६९ पैकी ५ आणि २६ पैकी १ आकडा जुळवायचा असतो, तिथे शक्यता २९ कोटी २२ लाखांत एक. स्पेनची लॉटरी त्या मानानं पुष्कळ उदार आहे, तरीही सरासरीनं प्रत्येक वीस युरोंमागे सहा जातातच. यात पैसे गुंतवणारा माणूस चुकतो आहे, हे मला स्पष्टपणे सांगायला हवं. वर्षातून एकदा एक देसिमो सगळ्यांबरोबर घेणाऱ्याची गोष्ट निराळी. तो सहा युरोंत एक सण विकत घेत असतो.

मोठ्या बक्षिसावर करही आहे. पहिले ४०,००० युरो करमुक्त, त्यावरच्या रकमेवर २० टक्के. चार लाखांच्या गोर्दोतून हातात ३,२८,००० येतात. देसिमो हा धारकाचा दस्तऐवज आहे, ज्याच्या हातात त्याचा. म्हणून चौघांत एक देसिमो घेतला तर त्याचा फोटो काढून चौघांना पाठवायची रीत आहे. आणि बक्षीस तीन महिन्यांत उचललं नाही तर ते बुडतं.

लागणं

या सगळ्यात मला सर्वांत जवळचं वाटलेलं क्रियापद तोकार. इंग्रजीत ‘मी लॉटरी जिंकलो’ असा विचार असतो, कर्ता माणूस. मराठीत ‘मला लॉटरी लागली’. माणूस नुसता तिथे उभा आहे, जे काही करते ते लॉटरी. स्पॅनिशमध्ये हुबेहूब हेच: ‘मे आ तोकादो ला लोतेरिया’. मे म्हणजे मला, आणि तोकार म्हणजे स्पर्श करणं, लागणं. ‘भिंतीला हात लागला’ मधलं लागणंही तोकारच. आणि खेळात ‘आता माझा नंबर लागला’ म्हणायचं तर ‘मे तोका’. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्या मुलांना ही वाक्यरचना तोंडी बसायला वेळ लागतो. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला सांगावं, मराठीत विचार कर आणि शब्द बदल.

तिकीट हातात देताना शुभेच्छा द्यायची ती ‘के ते तोके!’, तुला लागो. संध्याकाळी हाती काहीच आलेलं नसलं की ‘नि एल रेइन्तेग्रो’, साधे पैसेसुद्धा परत आले नाहीत. वार्ताहरानं विजेत्याला या पैशांचं काय करणार विचारलं, तर ठरलेलं उत्तर ‘तापार आगुहेरोस’, भोकं बुजवणार, म्हणजे कर्जं फेडणार. आणि ज्यांना लागली नाही ते एकमेकांना ‘सालुद’ची आठवण करून देतात. तब्येत चांगली आहे ना, मग झालं. म्हणून २२ डिसेंबरला काही लोक ‘आरोग्याचा दिवस’ही म्हणतात.

चौकट: सोडतीच्या दिवशी कानावर पडणारे शब्द

बिएते: पूर्ण तिकीट, २०० युरो
देसिमो: त्याचा दहावा भाग, २० युरो
सेरिए: सर्व आकड्यांचा एक संपूर्ण संच
पार्तिसिपासिओन: मंडळानं विकलेला देसिमोचा छोटा वाटा
बोम्बो, बोला: फिरता पिंजरा, त्यातली गोटी
एल गोर्दो: पहिलं बक्षीस
पेद्रेआ: हजार युरोंची १,७९४ बक्षिसं
रेइन्तेग्रो: घातलेले पैसे परत
मुई रेपार्तिदो: अनेक ठिकाणी वाटला गेलेला आकडा
के ते तोके: तुला लागो

अर्विंगमध्ये बसून देसिमो?

इथून देसिमो मागवावा का, असं कुणी विचारलं तर उत्तर नाही असंच आहे. परदेशी लॉटरीची तिकिटं अमेरिकेत आणायला किंवा टपालानं मागवायला इथल्या संघराज्याच्या कायद्यानं बंदी आहे. आणि ‘तुम्हाला एल गोर्दो लागला आहे, रक्कम मिळवण्यासाठी आधी कर भरा’ अशी पत्रं आणि ईमेल वर्षानुवर्षं येत आली आहेत. विशेषतः आपल्याकडे भारतातून मुक्कामाला आलेल्या आईवडिलांना ती खरी वाटू शकतात. या लेखात सांगितलेली रचनाच अशा वेळी उपयोगी पडते. देसिमो धारकाचा असतो, कागदी देसिमोवर विकत घेणाऱ्याचं नाव-पत्ता नसतो. मग ज्यानं देसिमो घेतलाच नाही त्याला कळवणार कोण आणि कसं? कर बक्षिसातूनच कापला जातो, आधी मागत नाहीत. पत्र फाडून टाकावं.

शेजारच्या दुकानातली लोतेरिया

अर्विंगमधल्या मेक्सिकन शेजाऱ्याला ‘लोतेरिया’ म्हटलं तर त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा चित्रं येतील: कोंबडा, चंद्र, कलिंगड, जलपरी, सैतान. मेक्सिकोची लोतेरिया हा घरगुती खेळ आहे, आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांतल्या हाउजीचा सख्खा भाऊ. आकड्यांच्या जागी ५४ चित्रांचे पत्ते, आणि प्रत्येकाच्या हातात चार बाय चार घरांचा तक्ता, त्याला ताब्ला म्हणतात. पत्ते पुकारणारा माणूस कान्तोर किंवा ग्रितोन. तो नुसतं नाव सांगत नाही, चित्राबद्दल कोडं किंवा ओळ रचून सांगतो, आणि चांगला कान्तोर त्या रचनेवरूनच ओळखला जातो. खुणेसाठी राजम्यासारखे घेवड्याचे दाणे किंवा मक्याचे दाणे. रांग भरली की ‘लोतेरिया!’ असं ओरडायचं. हा खेळ इटलीतून स्पेनमार्गे अठराव्या शतकात मेक्सिकोत आला, आणि आज सगळीकडे दिसणारी चित्रं क्लेमेन्ते हाकेस या फ्रेंच उद्योजकानं १८८७ साली छापलेल्या संचावरून आली. पहिला पत्ता एल गायो, कोंबडा.

आकड्यांची लॉटरीही मेक्सिकोत आहे, १७७०पासून. तिचीही नाताळची सोडत आहे, २४ डिसेंबरला, आणि तिथेही मोठं बक्षीस गोर्दोच. पण तिकिटाच्या तुकड्याला देसिमो म्हणत नाहीत, काचितो म्हणतात, छोटासा तुकडा. क्रियापदही बदलतं: ‘मे साके ला लोतेरिया’, मी लॉटरी काढली. खरवडायच्या तिकिटाला रास्पादितो. तेव्हा माद्रिदच्या सहकाऱ्याकडून शिकलेला शब्द अर्विंगच्या बेल्ट लाइन रोडवरच्या दुकानात वापरला, तर समोरचा समजून घेईल, पण त्याचा स्वतःचा शब्द वेगळा असेल. तो विचारावा. माणसं फार आनंदानं सांगतात.

टेक्सासची स्वतःची लॉटरी मे १९९२मध्ये सुरू झाली. बक्षिसं आणि खर्च वजा जाता उरणारा पैसा मुख्यतः सार्वजनिक शाळांच्या निधीला जातो. तिच्या खरवडायच्या तिकिटांत ‘लोतेरिया टेक्सास’ नावाचा प्रकार आहे, आणि त्यावर तीच मेक्सिकन चित्रं असतात. गॅस स्टेशनच्या गल्ल्याजवळ काचेखाली ती दिसतात. घरी कुटुंबानं मिळून दाण्यांनी खेळायचा खेळ तिथे एकट्यानं नाण्यानं खरवडायचा झाला आहे. मला तरी घरातला ताब्ला जास्त आवडतो. मुलांना नवे शब्द त्यातूनच येतात.

स्पेनमध्ये २२ डिसेंबरला ज्यांना रेइन्तेग्रो मिळतो, त्यांतले पुष्कळ जण ते वीस युरो लगेच पुढच्या सोडतीत घालतात. ती ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला होते. तिचं नाव एल निन्यो, बाळ, म्हणजे बाळ येशू. देसिमो तिथेही २० युरोंचाच, पहिलं बक्षीस देसिमोला दोन लाख. रेइन्तेग्रो मात्र तीन अंकांना मिळतो, म्हणून पैसे परत येणाऱ्यांची संख्या पुष्कळ मोठी असते.

त्याच ६ जानेवारीला अर्विंगमधल्या मेक्सिकन बेकऱ्यांत रोस्का दे रेयेस मिळतो. हा मोठ्या अंगठीसारखा गोल गोड पाव, वर रंगीत फळांच्या फोडी. त्याच्या आत बाळाची एखादी किंवा अनेक इवल्या मूर्ती लपवलेल्या असतात. सगळ्यांनी आपापला तुकडा कापून घ्यायचा. ज्याच्या तुकड्यात मूर्ती निघेल त्याच्याबद्दल म्हणतात ‘ले तोको एल निन्यो’, त्याला बाळ लागलं. त्याला मिळत काहीच नाही, द्यावं मात्र लागतं. २ फेब्रुवारीला, कान्देलारियाच्या दिवशी, सगळ्यांना तामालेस खाऊ घालायची जबाबदारी त्याची. मक्याच्या पिठाचे, कणसाच्या पानात गुंडाळून वाफवलेले हे तामालेस मांसाशिवायचेही मिळतात, मिरची आणि चीज घातलेले.